एक जूनच्या चौदा मुली

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका जुलै महिन्यात, राजूरजवळच्या एका शाळेच्या पंधरा मुली उत्तर युरोपातल्या एका शहरात सोळा वर्षांखालील मुलींच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत खेळल्या. त्यांचे तीन सामने झाले. दोन हरल्या, एक जिंकल्या. त्यांना फुटबॉल शिकवणारे सर तिसरा सामना चालू असताना शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखत होते. पाऊस पडत होता आणि रेषा टिकत नव्हत्या.

मी त्या शाळेत दोन वर्षं लिपिक होतो. नंतर नगरच्या एका दैनिकात लागलो. सर मला पहिल्या दिवसापासून ‘क्लार्कसाहेब’ म्हणत. मी वार्ताहर झाल्यावरही त्यांनी त्यात बदल केला नाही. त्यांच्या मते नोकरी बदलली तरी नोंद बदलत नाही.

सर दोन घड्याळं वापरत. डाव्या मनगटावरचं रेडिओवरच्या बातम्यांशी जुळवलेलं असे, उजव्या मनगटावरचं शाळेच्या घंटेशी. शाळेची घंटा सात मिनिटं मागे होती आणि ती मागेच राहावी असं मुख्याध्यापकांचं मत होतं, कारण एसटी तेवढीच उशिरा यायची. सरांना कोणी वेळ विचारली तर ते दोन्ही मनगटं पुढे करत.

“कोणती पाहिजे? खरी का शाळेची?”

‘साधारण’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द त्यांच्या मैदानावर चालत नसत. गोलाचे खांब बांबूचे होते आणि रात्रीतून गुरं त्यांना अंग घासत. त्यामुळे रोज सकाळी सर टेप घेऊन दोन बांबूंमधलं अंतर मोजत. मैदान डोंगराच्या पायथ्याशी होतं. त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा चार फुटांनी वर होतं. हेही त्यांनीच मोजलं होतं. मुलींचा सराव ते कायम चढाच्या दिशेने घेत. उताराला गोल कोणीही करतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलींना ते नंबराने हाक मारत, आणि फक्त मैदानात नाही. आठवडे बाजारात भाजी घेताना समोरून एखादी बाई दिसली की ते म्हणत, “काय नवाची आई, नऊ सरावाला येणार ना उद्या?” बाकीचा बाजार हसायचा. वर्षभरात त्या बाईला वाडीतसुद्धा ‘नवाची आई’च म्हणू लागले. तिच्या मुलीचं नाव यमुना. नऊ नंबर तिचा. संघातले निम्म्याहून जास्त गोल तिचे असत.

सर मूळचे भिंगारचे. वडील लष्कराच्या कॅम्पात मजूर. जवानांचे सामने तारेच्या कुंपणाबाहेरून बघून सर फुटबॉल शिकले, म्हणून त्यांच्या शिकवण्यात ‘जैसे थे’ आणि ‘पीछे मुड’ असे हुकूम असत. छप्पन साली त्यांच्या घराने धम्म स्वीकारला. घरात तेव्हापासून दोन गोष्टी आल्या, असं ते सांगत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली आणि वडिलांच्या तोंडात एक वाक्य आलं: “कागद ज्याचा, खरं त्याचं. म्हणून कागद आपला पाहिजे आन् खरा बी पाहिजे.” सरांनी हे वाक्य आयुष्यभर दोन्ही बाजूंनी पाळलं. समोरच्याकडे कागद मागायचा आणि कागद दिसला की तो खरा आहे का, हे बघायचं.

राजूरच्या भागात मुलींचा फुटबॉल संघ का निघाला, याचं कारण साधं आहे. टीव्ही आल्यावर मुलगे क्रिकेटकडे गेले. कवायतीच्या तासाला एक फुटबॉल उरला आणि मुली उरल्या. सरांनी दोन्हींची गाठ घातली. दोन वर्षांनी पाणलोटाची कामं बघायला आलेल्या एक परदेशी बाई मैदानाच्या कडेला थांबल्या. अनवाणी मुली चढावर चेंडू नेत होत्या. बाई तासभर उभ्या राहिल्या आणि परत गेल्यावर त्यांनी पत्र लिहिलं. सोळा खेळाडू आणि सोबत दोन मोठी माणसं यांना स्पर्धेचं निमंत्रण आलं. येण्याजाण्याची सोय तिकडची संस्था करणार होती. वयाची अट होती: ठरलेल्या वर्षाच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्म झालेला असावा.

सोळा जणींची यादी मी टाइप केली. जन्मतारखा जनरल रजिस्टरातून घेतल्या. संगमनेरला जाऊन ती फॅक्स केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. इंग्रजीत होतं. सर, मुख्याध्यापक आणि सोबत जाणार असलेल्या गणिताच्या बाई यांच्यासमोर मी ते मराठीत वाचून दाखवलं. आपल्या यादीत टंकनदोष झालेला दिसतो, असं आयोजकांनी लिहिलं होतं. सोळांपैकी चौदा मुलींचा जन्म एक जूनला झालेला दाखवला आहे. कृपया खऱ्या तारखा स्थानिक नोंदीच्या आधारासह कळवाव्यात.

मुख्याध्यापक हसले. “त्यांना वाटलं असेल, एकाच घरातल्या आहेत.”

“यात दोष कुठे आहे?” बाई म्हणाल्या. “माझीही एक जूनच आहे.”

माझीही एक जूनच होती. यादी टाइप करताना मला काहीही वेगळं दिसलं नव्हतं, त्याचं कारण हेच.

आमच्याकडे कोणालाच हे समजावून सांगावं लागत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते. बाप पोराला घेऊन येतो. गुरुजी जन्मतारीख विचारतात. बाप म्हणतो, लिवा की तुमीच. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगतात. हात कानाला पोचला की सहा वर्षं पूर्ण. मग एक जून लिहायचं आणि साल मागे मोजायचं. पिढ्यान् पिढ्या असंच झालं.

सरांनी रजिस्टर मागवलं. त्यासोबत प्राथमिक शाळांचे दाखले मागवले. या शाळेत येण्याआधी सर अकरा वर्षं वरच्या वाड्यांवर प्राथमिक शिक्षक होते. दाखल्याबरोबर प्रवेशाच्या वेळचे अर्जही जोडलेले होते. सरांनी एकेक अर्ज उजेडाकडे धरला.

“क्लार्कसाहेब, हे अक्षर कोणाचं?”

“तुमचंच, सर.”

“आणि हे?”

“तेही.”

चौदापैकी नऊ तारखा त्यांच्या हातच्या होत्या. सरांनी सगळे अर्ज पुन्हा ओळीने लावून ठेवले. मग टोपी घालताना म्हणाले, “म्हणजे टंकनदोष मीच.”

मुख्याध्यापकांचं मत सरळ होतं. शासन दरबारी रजिस्टर हाच पुरावा आहे. तेच पुन्हा सही-शिक्क्यानिशी पाठवावं. सरांनी ते मान्य केलं नाही. पुढचे तीन रविवार त्यांनी मला सोबत घेऊन वाड्या पालथ्या घातल्या. आधी आईला विचारायचं, मग ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत शोधायचं, अशी पद्धत ठरली. नोंदीत मुलीचं नाव कधीच नसे. बापाचं नाव आणि पुढे ‘स्त्री’ एवढंच. त्यामुळे तीन मुली असलेल्या घरात कोणती स्त्री ती, हे आईशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं.

आयांकडे तारखा होत्या, फक्त त्या कॅलेंडरात नव्हत्या. चार नंबरची आई म्हणाली, “भाताची आवनी चालली हुती. रोपाची मूठ हातात आन् कळा सुरू.”

“आवणी सुरू होऊन किती दिवस झाले होते?” सर.

“खालचं खाचर झालं हुतं, वरचं राहिलं हुतं.”

“सकाळ होती का दुपार?”

“अवो सर, तवा मी घड्याळ बघत हुते व्हय? तुमची दोन हायती, तुमी बघा.”

सरांनी लिहून घेतलं: खालचं खाचर पूर्ण, वरचं बाकी. ग्रामपंचायतीत जुलैची नोंद सापडली. अकरा नंबरचा जन्म बिबट्याने पाटलाची कालवड नेली त्या आठवड्यातला निघाला. त्यासाठी पाटलांकडे जावं लागलं आणि कालवडीची सगळी हकिगत ऐकून घ्यावी लागली. दोन रविवारांत तेरा तारखा पक्क्या झाल्या. तेराही जणी वयाच्या अटीत बसत होत्या. काही तर एक जूनपेक्षा लहान निघाल्या. सर परत येताना शीळ वाजवत होते. ही गोष्ट मी एकदाच पाहिली.

तिसऱ्या रविवारी यमुनाचं घर राहिलं होतं.

तिची आई ओट्यावर नागलीचं पीठ चाळत होती. सरांना बघून तिने घोंगडी टाकली.

“बसा सर. आज नवाच्या आईकडं काय काम काढलं?”

सरांनी काम सांगितलं. तिला आठवायला वेळ लागला नाही.

“थंडीचे दिस. संक्रांत आली हुती तोंडावर. पाचवी झाल्ती, बारसंबी झालं हुतं. माझ्या सासूनं संक्रांतीला पोरगी मोजून दाखवली शेजारनीला. सोळा दिसांची झाली म्हनली.”

सरांनी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. चौदा जानेवारीतून सोळा दिवस वजा केले की एकोणतीस डिसेंबर येतो. अटीतली तारीख एक जानेवारी होती.

सर म्हणाले, “सोळा म्हणजे... साधारण सोळा ना?”

मी वहीतून मान वर केली. त्यांच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही ऐकला नाही.

यमुनाच्या आईला राग आला. “साधारन कशाला? तुमीच तर पोरींना म्हनता, साधारन चालत न्हाई. सोळा म्हंजी सोळा. सुईन अजून हाय जित्ती, तिला इचारा.”

सुईण दोन घरं सोडून राहत होती. तिनेही सोळाच सांगितले. ग्रामपंचायतीची नोंद सोमवारी सकाळी शाळेआधी बघितली: एकोणतीस डिसेंबर, स्त्री.

रविवारी आम्ही निघालो तेव्हा यमुना पाण्याची कळशी घेऊन वर येत होती.

“सर, झालं का माझं? मी हाय ना यादीत?”

“उद्या सांगतो.”

“किती वाजता?”

सरांनी मनगटाकडे बघितलं. “साडेदहा.”

“खऱ्या का शाळेच्या?”

“खऱ्या,” सर म्हणाले आणि उतरणीला लागले.

सोमवारी सकाळी खऱ्या साडेदहाला सरांनी सगळ्या मुलींना मैदानात ओळीने उभं केलं. त्यांच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

“नऊ. एक पाऊल पुढे. तू तीन दिवसांनी मोठी आहेस. तुला तिथं खेळता येणार नाही. तुझी एक जून ही तारीख मी लिहिली होती. ती खोटी होती.”

यमुनाने बोटांवर तीन मोजले.

“मंग तीन दीस भाईर बसते ना, सर. चौथ्या दिशी खेळते.”

मागच्या ओळीतली एक मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली. सरांनी सांगितलं की तसं होत नाही. यमुना म्हणाली, “बरं.” आणि ओळीत मागे गेली. त्या दिवशी सराव झाला. ती खेळली. चढाच्या बाजूला तिने तीन गोल केले.

दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत मोठ्या आवाजात बोलणं झालं. मी शेजारच्या टेबलावर होतो.

“तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतं हो? रजिस्टर तिच्या बाजूने आहे. तुम्ही स्वतः लिहिलेलं आहे.”

“म्हणूनच.”

“तिच्याशिवाय गोल कोण करणार?”

“माहीत नाही.”

“सर, अहो, अख्खं जग एक जूनवर चाललंय.”

“जग नाही. अकोले तालुका,” सर म्हणाले.

सरांनी चौदा खऱ्या तारखा पाठवल्या. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून रजिस्टरातल्या चौदा नोंदी बदलण्याची परवानगी आणली. लाल शाईने त्या मी बदलल्या. प्रत्येक बदलाखाली मुख्याध्यापकांची सही आहे. सह्या करताना ते दौत जोरात ठेवत होते.

यमुनाची रिकामी जागा दुसऱ्या खेळाडूलाच देता येईल, असं आयोजकांनी कळवलं. तेवढ्या मुदतीत दुसऱ्या मुलीचे कागद होण्यासारखे नव्हते. मग पासपोर्टचे अर्ज भरायची वेळ आली. सोबतच्या दोन मोठ्या माणसांत सर आणि गणिताच्या बाई होत्या. बाईंनी अर्ज भरला. सरांनी आपला अर्ज जन्मतारखेच्या रकान्यापर्यंत भरला आणि पेन ठेवलं.

“माझीही एक जूनच लिहिलेली आहे,” ते म्हणाले. “आई सांगायची, दिवाळीच्या पाडव्याचा आहेस. खाली सही करायची असते की वरची माहिती खरी आहे. मी कशी करू?”

बाई म्हणाल्या, “सर, मी केली की.”

“तुमच्या आईने तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर करू नका.”

“माझी आई काहीच बोलली नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी अर्जाच्या पाकिटाला डिंक लावला.

सरांनी स्वतःच्या नावावर काट मारली आणि त्या जागी लिहिलं: यमुना, सहायक. आयोजकांना तिचं खरं वय आणि खरं कारण कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. हरकत नव्हती. सरांनी जागा सोडली ती तारखेमुळे की यमुनामुळे, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तारखेचंच कारण सांगितलं. दुसऱ्या कारणाला पुरावा मिळाला नाही.

निघण्याच्या दिवशी संघाला पोचवायला सगळी वाडी रस्त्यावर आली होती. मुलींच्या पायात नवे बूट होते आणि त्या सगळ्या लंगडत होत्या. सरांनी दोन्ही घड्याळं काढून यमुनाच्या हातात बांधली.

“एक तिकडच्या वेळेला लाव. दुसरं इथल्याच वेळेवर ठेव.”

“खऱ्या का शाळेच्या, सर?”

“तुझ्या आईला विचारून लाव,” सर म्हणाले.

तिकडे काय झालं ते गणिताच्या बाईंनी सांगितलं आणि पुढे यमुनाने त्याला दुजोरा दिला. पहिले दोन सामने मुली मोठ्या फरकाने हरल्या. चेंडू सारखा पुढे पळत होता. मारलेला प्रत्येक चेंडू गोलावरून जात होता. यमुना दोन घड्याळं घालून कडेच्या बाकावर बसली होती. तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात ती उठून मैदानात गेली, वाकली आणि गवताला समांतर नजर लावून पाहिलं. परत येऊन म्हणाली, “अगं, हे सपाट हाय. आपण चढाचा पाय लावतोय. निम्म्यानं मारा.”

मुलींनी निम्म्याने मारलं. दोन गोल झाले. समोरच्यांचा एकच झाला.

बाईंनी राजूरच्या एसटीडी बूथवर फोन करून तिकडचा नंबर दिला आणि सरांना बोलवायला सांगितलं. बूथवाल्याने हाताखालच्या पोराला पाठवण्याऐवजी स्वतः सायकल काढली, कारण निरोप मोठा होता. सर बूथवर आले तेव्हा त्यांचे हात चुन्याने पांढरे होते, म्हणून नंबर बूथवाल्यानेच फिरवला.

“जिंकलो, सर!” बाई ओरडल्या. फोनचा आवाज बाहेर उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू येत होता.

“गोल कितव्या मिनिटाला?”

“काय?”

“मिनिट, बाई, मिनिट. कितव्या?”

बाईंनी ते पाहिलं नव्हतं. फोन यमुनाकडे गेला. तिने दोन्ही मिनिटं सांगितली आणि दोन्ही घड्याळांतली वेळ सांगितली. सरांनी ती बूथच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिली. मग तिने मैदान सपाट असल्याचं सांगितलं. सर बराच वेळ ऐकत राहिले. फोनचे आकडे पळत होते आणि बूथवाला त्यांच्याकडे बघत नव्हता.

“ते मी मोजायला पाहिजे होतं,” एवढंच ते शेवटी म्हणाले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सरांनी शिक्षण खात्याला अर्ज केला. आपला जन्म खरं तर दिवाळीच्या पाडव्याचा असल्याने नोकरीची मुदत सात महिने आधीच संपते, तरी त्या तारखेला निवृत्त करावं. सेवा कमी करून मागणारा अर्ज आल्याने कचेरीत तो टेबलाटेबलांवर फिरला. उत्तर आलं की अशा जन्माचा लेखी पुरावा सादर करावा. सरांकडे कागद नव्हता. अर्ज फेटाळला गेला. पाडव्यानंतर शाळा उघडली त्या दिवसापासून सर शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले नाहीत. आपण निवृत्त झालो आहोत, असं ते म्हणत. मैदानाकडेच्या दगडावर बसत, तिथूनच हजेरी लावत आणि सगळे तास घेत. हे उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चाललं.

एक जून ही जन्मतारीख असलेली माणसं एकतीस मेला निवृत्त होतात. त्यामुळे जिल्ह्यात त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची यादी वर्षातली सर्वांत लांब असते. त्या वर्षी ती यादी आमच्या दैनिकात मी लावली. सरांचं नाव तिसऱ्या रकान्यात आलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच दुरुस्ती होती: ‘तारीख चुकीची आहे. खुलासा छापावा.’ संपादकांनी तो छापला नाही.

यमुना बारावीनंतर डी.एड. झाली. दशक संपायच्या आधी ती वरच्या वाडीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली. सरांनी त्या अकरा वर्षांतली काही वर्षं जिथे काढली होती, तीच शाळा. एका बातमीसाठी मी त्या बाजूला गेलो असताना तिथे थांबलो. तिच्या दोन्ही हातांत घड्याळं होती. मी रजिस्टर बघायला मागितलं. तिने आधी कशासाठी ते विचारलं, मग दिलं.

त्या वर्षी पहिलीत तेवीस मुलं दाखल झाली होती. एक जून ही तारीख फक्त एका मुलीपुढे आहे. तिच्याशेजारी समासात यमुनाच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘खरी आहे. सुईण भेटली.’